मळाची पदवी

ज्या घरातलं मूल कराटेच्या क्लासला जातं, त्या घरात कपडे भिजवताना एक वाद ठरलेला असतो. पांढरा ड्रेस बादलीत जातो तेव्हा कुणी हूं की चूं करत नाही. त्यामागोमाग बेल्ट निघाला की चिरंजीव मधे हात घालतात, 'अगं आई, बेल्ट धुवायचा नसतो!' का नसतो, तर सर म्हणाले. सर का म्हणाले, तर त्यांना त्यांच्या सरांनी सांगितलं होतं, आणि त्या सरांच्या भिंतीवर एका जपानी आजोबांचा हार घातलेला फोटो असल्यामुळे त्यापुढे विचारायची सोय नसते. धुतल्यावर बेल्टातून नेमकं काय जातं याबद्दल मात्र जाणकारांत एकमत नाही. कुणी म्हणतं विद्या जाते, कुणी म्हणतं अंगातली 'की', म्हणजे शक्ती, जाते. ब्राझिलियन जिउ-जित्सू खेळणाऱ्यांत या श्रद्धेचे सगळ्यात कडवे अनुयायी सापडतात, ते म्हणतात नशीब जातं. माझं म्हणणं एवढंच की धुतल्यावर बेल्टातून मळ जातो आणि तो गेलेला बरा. इतकं साधं विधान सिद्ध करायला आख्खा लेख लागावा याचं कारण असं, की इथे मळ हा साधा मळ राहिलेला नाही. त्याला हुद्दा मिळालेला आहे.

त्या हुद्द्याची जन्मकथा जवळपास प्रत्येक क्लासात सांगितली जाते. पूर्वी म्हणे शिष्याला एकच पांढरा पट्टा मिळायचा. घामाने तो पिवळा पडला, गवतात लोळून हिरवा झाला, मातीने तपकिरी झाला आणि वर्षानुवर्षांच्या तपश्चर्येने शेवटी काळा. कथा गोड आहे, पण ती ज्याने रचली त्याने आयुष्यात कधी धुणं धुतलेलं नसावं. पांढरं कापड मळत गेलं तर काळं होत नाही. शाळेच्या पांढऱ्या कॅनव्हास बुटांना जून ते मार्च या काळात जो एक बिननावाचा रंग चढतो, तोच त्यालाही चढतो, आणि तिथेच थांबतो. हिरव्यासाठी गवत लागतं, पण हा पट्टा ज्या ज्युदोतून आला तो खेळतात तातामीवर. त्या चटईत गवत असतं हे खरं, पण ते विणण्याआधीच वाळवलेलं. निळ्याचं तर सगळंच अवघड आहे. निळा मळ या पृथ्वीतलावर कुणी पाहिलेला नाही. घरातली निळी वस्तू म्हणजे नीळ, आणि ती धुतलेल्या कपड्यालाच घालतात. तेव्हा कथेच्या हिशेबाने ब्लू बेल्ट हा तो पट्टा एकदा तरी धुतला गेल्याचा पुरावाच मानायला हवा. पुढे ज्युदोमधे काळ्याच्याही वरच्या पायऱ्या आहेत. काळ्यापासूनच्या या पायऱ्यांना दान म्हणतात. सहाव्या ते आठव्या दानला लाल-पांढरा पट्टा आणि नवव्या-दहाव्याला निखळ लाल. घाम, गवत, माती हे सगळं भांडवल संपल्यावर त्या वयोवृद्ध गुरुजींच्या कमरेवर लाल रंग कशाने चढला, असं विचारलं तर पान खाणाऱ्यांशिवाय कुणाला उत्तर सुचेल असं वाटत नाही. शिवाय एका संघटनेत हिरवा आधी आणि निळा नंतर, दुसरीत बरोबर उलटं. माणसांच्या संघटनांत मतभेद असतात हे समजू शकतं, पण मळाने तरी एकवाक्यता ठेवायला हवी होती.

तारखा पाहिल्या तर कथेचा उरलासुरला रंगही उडतो. जिगोरो कानो यांनी तोक्योतल्या एइशो-जी या देवळात ज्युदोची शाळा काढली ती 1882 साली. त्याआधी जपानी युद्धकलांत पट्ट्याच्या रंगावरून कुणाची पायरी कळत नसे. शिकून झालं की गुरू परवान्याची गुंडाळी देत, आणि ती गुंडाळी कुणी कमरेला बांधत नसे. कानोंनी 1883 मधे आपल्या दोन शिष्यांना पहिली दान पदवी दिली. ही दान पद्धत त्यांनी उचलली ती 'गो' या पटावरच्या खेळातून. म्हणजे या सगळ्या वीरश्रीच्या श्रेणीचं मूळ ज्या खेळात आहे, तो बसून खेळतात आणि त्यात घाम आलाच तर हरण्याच्या भीतीने येतो. दानधारकांनी काळा पट्टा बांधायची पद्धत त्यानंतर काही वर्षांनी, 1886 च्या सुमारास आली, आणि तो काळा रंग रंगाऱ्याकडचा होता. पिवळा, नारिंगी, हिरवा ही सगळी इंद्रधनुषी फौज आली युरोपातून, तीही पहिल्या महायुद्धानंतर. लंडनमधे आधी तिचे प्रयोग झाले आणि 1935 साली पॅरिसला गेलेल्या मिकिनोसुके कावाइशी या जपानी शिक्षकांनी ती पक्की रुजवली. कारण अगदी व्यवहारी होतं. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत अनेक वर्षं कुठलीच खूण न मिळता टिकून राहायला शिष्याकडे जपानी चिकाटी लागते. युरोपियन माणसाला दर काही महिन्यांनी काहीतरी हातात, किंवा कमरेला, द्यावं लागतं. आपल्याकडे तर आईवडिलांनाही द्यावं लागतं. कराटेने ड्रेस आणि पट्टा दोन्ही ज्युदोकडूनच घेतले. गिचिन फुनाकोशी 1922 मधे ओकिनावाहून तोक्योत आले आणि 1924 मधे त्यांनी पहिले काळे पट्टे दिले. तेव्हा बेल्ट न धुण्याची ही 'हजारो वर्षांची परंपरा' ज्या वस्तूबद्दल आहे, ती वस्तू मुंबईतल्या लोकलहून तरुण आहे.

पण परंपरा जुनी नसली म्हणून चुकीची ठरत नाही, असं कुणी म्हणेल, आणि ते रास्त आहे. मग श्रद्धेचाच विचार करू. विद्या घामातून पट्ट्यात उतरते असं धरून चाललो तर सगळ्यात जास्त विद्या जाकिटात असायला हवी, कारण घाम पाठीला, काखेला आणि छातीला येतो, पट्ट्यापर्यंत पोचतो तो त्यातला उरलेला. ते जाकीट आपण तासभर साबणात भिजवतो, कॉलरला ब्रश मारतो, जीन्स आणि सोफ्याच्या अभ्र्यांबरोबर मशीनमधे फिरवतो, आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाला पहिली काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, व्यवस्थित आठवते. काता ज्या डोक्यात असते त्या डोक्याला दर रविवारी शाम्पू लागतो, त्यानेही आजवर कुणाची श्रेणी खाली गेलेली नाही. बरं, पाणी लागल्याने विद्या जाते म्हणावं, तर घाम म्हणजे दुसरं काय आहे? मिठाचं पाणीच. दर मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी पट्टा आतून भिजतोच आहे. तक्रार आहे ती फक्त बाहेरून भिजण्याची. म्हणजे खारं पाणी चालतं, गोडं चालत नाही, असा हा माशांसारखा नियम झाला. आणि जूनमधे क्लास सुटल्यावर छत्री विसरलेल्या ब्राऊन बेल्टचं काय करायचं? घरी येईपर्यंत तो अर्धा ऑरेंज झाला असं समजायचं का? या प्रश्नांची उत्तरं श्रद्धेकडे नसतात, तसा आग्रहही कुणी धरू नये. पण मग त्या श्रद्धेने बादलीच्या आड येऊ नये, एवढंच.

आता तो पट्टा दिवसभर, म्हणजे क्लासच्या तासाभरात, काय काय करतो ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. शाळेचा हॉल किंवा सोसायटीची गच्ची. लहानांच्या रांगेतलं शेवटचं मूल बघा. त्याचा बेल्ट 'वाढत्या अंगाचा' म्हणून दोन नंबर मोठा घेतलेला असतो, त्यामुळे गाठीची दोन टोकं गुडघ्यापर्यंत लोंबतात. सर पुढच्या रांगेला पंच दाखवत असतात तोवर हे मूल डावं टोक तोंडात धरून चावत असतं. चावून ओलं झालेलं टोक मग नाकाखालून एकदा फिरतं. उजवं टोक शेजाऱ्याला फटका मारायच्या कामी येतं. 'सेइझा!' म्हटलं की सगळे गुडघ्यांवर बसतात आणि दोन्ही टोकं जमिनीवर, म्हणजे ज्या जमिनीवरून चाळीस अनवाणी पाय नुकतेच फिरलेले आहेत तिथे, निवांत पहुडतात. मधेच गाठ सुटते, कारण लहान मुलांची गाठ सुटण्यासाठीच असते. मग बेल्ट पूर्ण खाली पडतो, सर येतात, गुडघ्यावर बसून पुन्हा बांधतात, आणि ते ओलं डावं टोक सरांच्या हाताला लागतं. सर अशा बारा-पंधरा गाठी एका तासात बांधतात. शेवटी बेल्टची गुंडाळी होते आणि ती पाण्याची बाटली, अर्धं खाल्लेलं बिस्कीट आणि घामट ड्रेस यांच्यासोबत पिशवीत जाते, चेन बंद होते, आणि थेट परवाच्या संध्याकाळी उघडते. घामाला स्वतःचा वास नसतो. त्यावर जगणारे जिवाणू तो तयार करतात. त्यांना ऊब, ओल आणि अंधार लागतो, आणि बंद पिशवीतली आठ-दहा शिलाया मारलेल्या जाड सुती पट्टीची गुंडाळी यापेक्षा चांगली सोय त्यांना कुठेही मिळणार नाही. एवढ्या इतिहासातून गेलेल्या कापडात विद्याही राहत असेल तर तिला सहवास कुणाचा आहे हे तरी आपण लक्षात घ्यावं.

इथे थोडं गंभीर व्हायला हवं, कारण विषय नायट्याचा आहे. अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत त्वचेचे संसर्ग पसरतात हे डॉक्टरांना फार आधीपासून माहीत आहे; कुस्तीगिरांच्या गजकर्णाला तर वैद्यकशास्त्रात रोमन ग्लॅडिएटरांवरून पडलेलं वेगळं लॅटिन नाव आहे. आणि ज्या जपानच्या नावाने आपण पट्टा धुवायचं टाळतो, त्याच जपानमधे चालू शतकाच्या सुरुवातीला ज्युदोच्या क्लबांत ट्रायकोफायटन टॉन्सुरन्स या बुरशीची साथ पसरली. डोक्यात, मानेवर, हातांवर चट्टे आलेले खेळाडू एकमेकांना तो प्रसाद वाटत राहिले. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी क्लबांमधे जाऊन तपासण्या केल्या, आणि उपायांच्या यादीत आंघोळ, चटईची सफाई आणि कपडे धुणं या तीन गोष्टी आल्या. पट्ट्याला सूट द्या असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. आपल्या देशाची परिस्थिती तर आणखी नाजूक आहे. 2020 साली स्वतंत्र नाव मिळालेली ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी, नावातच इंडिया असलेली, टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला अनेकदा दाद देत नाही. त्यात औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं लावून लोकांनी तिला आणखी निर्ढावलेलं केलं आहे. ही बुरशी गळालेल्या त्वचेच्या बारीक कणांवर कपड्यात टिकून राहते. जमिनीवर झोपून झटापट करायच्या खेळांत पट्टा धरायचा असतो, ओढायचा असतो, त्यावर हनुवटी घासली जाते. त्या पट्ट्यात जो घाम मुरतो त्यातला चांगला निम्मा समोरच्याचा असतो. 'माझ्या कष्टांचा घाम आहे यात' असं छातीवर हात ठेवून सांगणाऱ्याने हा हिशेब जरूर करावा. दुसऱ्याच्या घामाचं श्रेय घेणं आपल्याकडे कारखानदारांना शोभतं, खेळाडूला नाही.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप, शब्दशः वजनदार, कारण तो सुमोतून येतो. सुमो मल्लांचा कमरेचा पट्टा, मावाशी, परंपरेने धुतला जात नाही, फक्त वाळवतात. ही खरी आणि जुनी जपानी प्रथा आहे, आणि बेल्ट न धुणाऱ्यांच्या बाजूने असलेला हा एकच पुरावा मला विचार करण्याजोगा वाटतो. पण तो पुरावा कुणाचा आहे ते पाहा. वरच्या श्रेणीच्या मल्लाचा स्पर्धेतला मावाशी रेशमी असतो, बरेच मीटर लांब असतो आणि इतका जाड व ताठ असतो की तो धुवायचा म्हटलं तर धोबीघाटावरही स्वतंत्र बैठक बोलवावी लागेल. सव्वाशे रुपयांच्या सुती पट्टीने त्याच्याशी नातं सांगणं म्हणजे गल्लीतल्या नळाने जायकवाडीशी बरोबरी सांगण्यासारखं आहे. आणि ज्या ज्युदोतून आपला पट्टा खरोखर आला, त्याचं म्हणणं नेमकं उलट आहे. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की खेळाडूचा ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा ड्रेस, स्वच्छ, कोरडा आणि दुर्गंधी नसलेला असावा; नखं कापलेली असावीत. नखांपर्यंत जाणाऱ्या माणसांनी पट्टा नजरेआड केला असेल असं समजायला कारण नाही. शिस्तीचा मुद्दा काढला जातो, 'गुरूने सांगितलं, प्रश्न विचारायचा नाही', पण जपानी दोजोची, म्हणजे सरावाच्या जागेची, पहिली शिस्तच मुळी झाडणं-पुसणं ही आहे. सराव सुरू होण्याआधी आणि संपल्यावर शिष्य वाकून ओल्या फडक्याने जमीन पुसतात. आपल्या क्लासांच्या भिंतीवर ज्यांचा फोटो असतो ते फुनाकोशी तोक्योत आले तेव्हा हातात पैसा नव्हता, म्हणून विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहात राहून त्यांनी पहारेकऱ्याची, माळ्याची आणि खोल्या झाडण्याची कामं केली, आणि हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात कुठलाही संकोच न बाळगता लिहून ठेवलं आहे. आधुनिक कराटेच्या जनकाच्या हातात केरसुणी होती, आणि त्यांच्या नातशिष्यांच्या शिष्यांना बादलीचं वावडं आहे.

शिवाय या प्रश्नाचं उत्तर शोधायला जपानपर्यंत जायची गरजही नाही. कोल्हापूरपर्यंत गेलं तरी पुरतं. गंगावेश काय, मोतीबाग काय, कुठल्याही तालमीत पहाटे जाऊन बघा. हौद्यातल्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असं काय काय मिसळून ती मळलेली असते, आणि त्या मातीत दोन तास लोळलेल्या पैलवानाचा लंगोट कुठल्याही कराटे बेल्टपेक्षा शंभरपट कष्ट पाहून बाहेर येतो. लंगोटाभोवती भावनाही कमी नाहीत. त्याला ब्रह्मचर्याची शपथ चिकटलेली आहे, मारुतीरायाचा आशीर्वाद चिकटलेला आहे, 'लंगोटाचा पक्का' हे चारित्र्याचं प्रमाणपत्र आहे. पवित्रपणाच्या स्पर्धेत कराटेचा बेल्ट त्याच्यासमोर पहिल्याच फेरीत चितपट होईल. आणि हा एवढा पवित्र लंगोट पैलवान रोज धुतो. स्वतः धुतो, पिळतो, दोरीवर टाकतो; दुसऱ्याचा वापरत नाही, आपला देत नाही. त्यामुळे तो धोबीपछाड विसरला किंवा ढाक मारताना त्याचा पाय घसरला असं एकही उदाहरण वस्ताद लोक सांगत नाहीत. आपल्याकडे पवित्र वस्तू आणि पाणी यांचं वैर कधी नव्हतंच. देवपूजेचं सोवळं तर धुतल्याशिवाय सोवळं होत नाही. ते रोज पाण्यातून काढून, उंच काठीवर कुणाचा हात लागणार नाही असं वाळत घालायचं, ही आपल्या आज्यांची पद्धत होती. अशा आजीला 'ही वस्तू फार पूज्य आहे, म्हणून चार वर्षं धुतलेली नाही' हे वाक्य ऐकवायची हिंमत कुठल्या ब्लॅक बेल्टने दाखवली, तर त्याला पुढचं दान परीक्षेशिवाय द्यायला हरकत नाही.

मग एवढं सगळं असूनही माणसं पट्टा का धुवत नाहीत? आळस हे अर्धं उत्तर आहे, आणि ज्या आळसाला तत्त्वज्ञानाची साथ मिळते त्याच्याशी कुणी भांडू शकत नाही. उरलेलं अर्धं उत्तर मला जास्त सहानुभूतीचं वाटतं. प्रमाणपत्र भिंतीवर लावता येतं, पण ते घालून कुठे जाता येत नाही. पट्टा घालता येतो. मळलेला, विरलेला काळा पट्टा न बोलता सांगतो की हा माणूस इथे कालपरवा आलेला नाही. हे भावनिक आहे, आणि त्यात काही गैर नाही. पण इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. पट्टा विरतो तो हजारो वेळा गाठ मारल्यामुळे. गाठ जिथे बसते तिथला काळा धागा घासून जातो, आतलं पांढरं अस्तर डोकावायला लागतं, कडा सुटतात. ही झीज खरोखर तुमची आहे, आणि ती कुठल्याही साबणाने धुऊन जात नाही. उलट धुतल्यावर ती जास्त उठून दिसते. जातो तो फक्त मळ, आणि मळ मिळवायला मेहनत लागत नाही. तो पायपुसण्यालाही मिळतो. ही गोष्ट सगळ्यात चांगली कुणाला कळलेली आहे, तर नव्या नव्या ब्लॅक बेल्टांना. करकरीत काळा पट्टा बांधून जुन्या लोकांच्या रांगेत उभं राहायला संकोच वाटतो, तेव्हा त्यांतले काही जण घरी जाऊन तो चोरून धुतात. एकदा नाही, पुनःपुन्हा, गरम पाण्यात, मशीनमधे, वर तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने घासतात, म्हणजे दहा वर्षांचा जुनेपणा दहा दिवसांत येतो. शिष्याने स्वच्छ व्हायला पट्टा धुतला तर पाप, आणि गुरूने अनुभवी दिसायला धुतला तर परंपरा. लहान मुलांना तर या सगळ्याशी काही कर्तव्यच नसतं. त्यांची दर तीन-चार महिन्यांनी परीक्षा होते, फी भरली जाते, रंग बदलतो. यलो बेल्टवर वरणाचा डाग नीट मुरतो न मुरतो तोच ऑरेंज येतो. ज्याला मळायलाही वेळ मिळत नाही त्या पट्ट्याच्या मळात विद्या साठते असं म्हणणं त्या मुलांवर अन्याय करणारं आहे.

धुवायचा हे ठरलं की कसा हा प्रश्न उरतो, आणि इथे विरोधकांची एक हरकत मी बिनशर्त मान्य करतो : पट्टा ही धुवायला वाईट वस्तू आहे. रंग जातो. ब्राऊन बेल्ट पहिल्यांदा शाळेच्या पांढऱ्या शर्टांबरोबर भिजला की सोमवारच्या प्रार्थनेला ते मूल चहात बुडवून काढल्यासारखं उभं राहतं. तेव्हा पहिल्या तीन-चार वेळा पट्टा वेगळ्या बादलीत, गार पाण्यात. पाण्यात मीठ टाका म्हणजे रंग पक्का होतो, हा सल्ला प्रत्येक घरात कुणीतरी देतंच; कारखान्यातून रंगून आलेल्या कापडावर त्याचा फारसा उपयोग होत नाही, पण सल्ला देणाऱ्या व्यक्तीचं वय पाहून मूठभर मीठ टाकायला हरकत नाही. ब्लीच बंद. सुती पट्टा गरम पाण्यात आटतो. दोनशे ऐंशी सेंटिमीटरचा पट्टा शेकड्याला तीनच्या हिशेबाने आटला तरी आठ सेंटिमीटर जातात, आणि पोट वाढत्या वयाचं असेल तर ते आठ सेंटिमीटर नेमके गाठीतून जातात. ज्युदोच्या नियमाप्रमाणे गाठीनंतर टोकं वीस ते तीस सेंटिमीटर लोंबायला हवीत. लहान मुलांच्या बाबतीत मात्र आटण्याचं स्वागतच करावं. अडचण अशी की बुरशीचे बीजाणू मारायला साठ अंशांचं पाणी लागतं आणि रंग व माप सांभाळायला गार. म्हणून पांढरा आणि जुना पट्टा खुशाल गरम पाण्यात घाला, रंगीत आणि नवा असेल तर गार पाण्यात धुऊन अगदी कडकडीत वाळवा. आणि कुणाच्या अंगावर चट्टा दिसत असेल तर रंगाची, मापाची, अस्मितेची कशाचीच पर्वा न करता गरम. मशीनमधे टाकायचा तर जाळीच्या पिशवीत, नाहीतर ही तीन मीटरची पट्टी इतर सगळ्या कपड्यांना जी पकड घालते ती सोडवायला ब्लॅक बेल्टच बोलवावा लागतो. सॅटिनच्या पट्ट्याला ब्रश लावू नका, धागे निघतात. सोनेरी धाग्याने नाव विणलेलं असेल तर तिथे चोळू नका. नाव गेलं तर खरंच काहीतरी गेलं असं म्हणता येईल. खळ घालू नका. कुणाला हे सांगावं लागेल असं वाटत नव्हतं, पण पांढऱ्या कपड्यांच्या बादलीत काय काय होऊ शकतं हे ज्यांना माहीत आहे त्यांनी खळ घातलेल्या बेल्टची कल्पना करून पाहावी. तो कमरेभोवती वळतच नाही, आडवा उभा राहतो.

किती वेळा धुवायचा, तर झटापटीचा खेळ असेल तर ड्रेसबरोबर प्रत्येक वेळी, नुसत्या हातवाऱ्यांचा असेल तर पंधरवड्यातून एकदा पुरे. पण रोज घरी आल्यावर गुंडाळी सोडून तो लांबच्या लांब टांगायचा, हे धुण्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि यात विद्या जाण्याची भीती नसल्यामुळे कर्मठांनीही करायला हरकत नाही. पांढरा-पिवळा असेल तर उन्हात, काळा-निळा असेल तर सावलीत वाऱ्यावर. एकच पंचाईत पावसाळ्यात होते. जुलै महिन्यात मुंबईत किंवा रत्नागिरीत आतून जाड कापूस भरलेली पट्टी दोन दिवसांत वाळेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. पंख्याखाली खुर्च्यांना बांधून ठेवली तरी मधली घडी दमटच राहते, आणि दमट पट्टा पुन्हा पिशवीत गेला की आपण जिथून निघालो तिथेच परत. यावर सरळ उपाय म्हणजे दुसरा बेल्ट घेऊन ठेवणं. तो स्वस्त असतो, पण 'पदवी एक आणि पट्टे दोन कसे?' असा प्रश्न काही सर विचारतात, जणू काही मार्कशीटची झेरॉक्स काढली तर मार्क अर्धे होतात. सर ऐकतच नसतील तर गुरुवारी बेल्टशिवाय जावं. बेल्ट विसरल्याची शिक्षा बहुतेक क्लासांत वीस पुश-अप्स असते. माराव्यात. पुश-अप्सनी नायटा होत नाही.